कॉलरचे पुस्तक

पणजोबांनी लाकडात उलटी अक्षरे कोरली, आजोबांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले, वडिलांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चौथ्या पिढीतल्या बाईंनी मात्र, ग्राफिक डिझाइन शिकवता शिकवता, या घराण्यात कोणी न केलेले काम केले. दुसऱ्याचे चित्र आपल्या नावावर खपवले.

बाईंच्या वर्गात जाहिरात संस्थेत दहा वर्षे घासलेला गडी असे, तसे माऊस कोणत्या बाजूने धरावा हे विचारणारेही असत. दुरुस्तीची त्यांची रीत सर्वांना एकच: विद्यार्थ्याच्या मूळ कामाला हात लावायचा नाही, वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर रेषा ओढायच्या. नऊ वर्षांपूर्वी शिलाईवाल्या काकूंनी ग्रंथालयाच्या स्पर्धेसाठी बोधचिन्ह काढले होते. अगदी नवशिक्या, पण सदऱ्याची कॉलर अशी उघडली होती, की तिचे पुस्तक व्हावे. बाईंनी वर कागद ठेवला, रेषा सरळ केल्या आणि तोच कागद स्वतःच्या नावाने पाठवला. दुरुस्ती आपली, म्हणजे चित्रही आपलेच, अशी मनाची समजूत घातली. चिन्ह ग्रंथालयाच्या दारावर चढले, खाली बाईंच्या नावाची पाटी लागली आणि बाई विभागप्रमुख झाल्या. काकू अवाक्षर न बोलता वर्ग सोडून गेल्या.

यंदा त्या परत आल्या. शेवटच्या बाकावर, पुन्हा पहिल्या धड्यापासून.

त्या सोमवारी जाहिरातवाल्याने ते चिन्ह पडद्यावर लावले. "बाई, हे तुमचंच ना? कॉलरचं पुस्तक! अहो, सुचतं तरी कसं माणसाला?"

"रक्तातच आहे त्यांच्या," माऊसवाली नवखी म्हणाली. "तुझ्यासारखं नाही, चार रंग फासले की झालं."

तेवढ्यात मागून काकूच म्हणाल्या, "जाऊ द्या हो. शिकवू द्या त्यांना. माझं रंगांचं अजून कच्चंच आहे."

ते पांघरूण बाईंना सोसवेना. काकूंनी चारचौघांत वाभाडे काढले असते तर बरे, असे त्यांना झाले.

"मला नाही सुचलेलं ते," त्या म्हणाल्या. "त्यांचं आहे. मी वरून दोन रेषा ओढल्या आणि माझं नाव घातलं."

"चेष्टा करताय, बाई?"

"नऊ वर्षं केली. आता पुरे."

काकूंनी मान वर केली. "दोन नव्हत्या, बाई. तीन होत्या. आणि तिसरी चुकली होती."

बाईंनी खाल मानेने होकार दिला. त्याच दुपारी त्यांनी ग्रंथालयाला सगळे लिहून कळवले आणि विभागप्रमुखाची खुर्ची सोडली.

महिन्याभराने नवी पाटी बसली. काकूंचे नाव, आडनावासकट. बसवणाऱ्या कारागिराने विचारले, "खाली मार्गदर्शक म्हणून तुमचं घालू का, बाई? जागा आहे."

"नको. राहू दे मोकळी."

काकूंनी पाटी सावकाश वाचली. "फिटलं, बाई," एवढेच म्हणाल्या. थांबल्या नाहीत, दुकान उघडायची वेळ झाली होती.

कारागिराने जुनी पाटी बाईंच्या हाती दिली. नावाची बाजू आत घेऊन, ती छातीशी धरून, त्या पायऱ्या उतरू लागल्या.