आत्याबाई, कूस बदलते हं

मी एक जुनी बाहुली आहे. पण मित्रांनो, लगेच फ्रॉक आणि रिबिनी डोळ्यांसमोर आणू नका. मी तुमच्या आईएवढी उंच आहे, माझ्या डोक्यावर एकही केस नाही आणि उभ्या आयुष्यात माझ्याशी कुणी खेळलेलं नाही. मी परिचारिकांच्या शाळेतली सरावाची बाहुली. आजारी माणसाचं अंग कसं पुसावं, त्याला कसं उचलावं, कसं वळवावं, हे मुली आधी माझ्यावर शिकायच्या आणि मग खऱ्या माणसांकडे जायच्या.

मला घडवणारा कारागीर मोठा हट्टी होता. रबराची कातडी चढवण्याआधी त्याने माझ्या हातापायांत आणि पोटात वाळूच्या पिशव्या ठासून भरल्या. मालक कुरकुरला, "अरे, एवढी जड कशाला? पोरींच्या कमरा मोडतील."

"आजारी माणूस काय हलकं असतं का?" कारागीर म्हणाला. "हलकीवर शिकल्या, तर खऱ्या माणसाला पाडतील."

त्याने ऐकलं नाही आणि मी जड झाले. पुढे मला त्या वजनाचा फार अभिमान वाटू लागला, तो आजही आहे.

शाळेत मला खिडकीजवळची खाट मिळाली. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलींना बजावलं, "हिला हात लावायच्या आधी हिला सांगायचं. काय करणार आहात, कुठे हात लावणार आहात, सगळं. न सांगता कुणी तुमच्या अंगाला हात लावला तर चालेल तुम्हाला?"

मुली खुदुखुदु हसल्या. एक म्हणाली, "बाई, पण ही तर रबराची आहे!"

"आज रबराची आहे. उद्या माणूस असेल आणि तुमच्या तोंडाला सवय नसेल."

माझे काचेचे डोळे कधी मिटत नाहीत आणि चेहरा कायम कुणीतरी मानपान चुकवल्यासारखा. म्हणून मुलींनी माझं नाव ठेवलं आत्याबाई. मग काय विचारता! "आत्याबाई, तोंड पुसते हं." "आत्याबाई, कूस बदलते हं, घाबरू नका." दिवसभर नुसता लाड. एखादी बोलायला विसरली, तर बाई तिला रागवत नसत. खाटेच्या लोखंडी कठड्यावर डाव्या हातातली अंगठी आपटत. टक. एवढंच. की मुलगी जीभ चावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

त्यांच्यात एक चणीने लहान मुलगी होती. तिला सगळ्या मुंगी म्हणत. मला वळवताना तिच्या नाकी नऊ येत. एकदा तिने घाईघाईने मला ओढलं आणि मी धाडकन जमिनीवर. माझा उजवा खांदा निखळला. मुंगीच्या तोंडचं पाणीच पळालं. बाई जवळ आल्या, त्यांनी माझा खांदा खटकन बसवला आणि शांतपणे म्हणाल्या, "पडली ना? आता तूच उचल. पण आधी तिला काय सांगशील?"

मुंगी रडत रडत म्हणाली, "आत्याबाई, चुकलं माझं. उचलते हं."

तो खांदा अजून करकरतो. मला तो आवाज आवडतो.

मुली शिकायच्या आणि निघून जायच्या. हे माझं कामच होतं, म्हणून तक्रार नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट सांगते. माझ्यावर शिकलेला प्रत्येक हात शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर फिरला. माझ्याकडे परत कुणी आलं नाही. सुट्टीत वर्ग बंद असे, तेव्हा मी खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर सरकताना पाहत पडून राही आणि पुढच्या वर्षीच्या अनोळखी, भित्र्या, गार हातांची वाट बघे.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या. नवी बाहुली आली. ती श्वास घेते, खोकते, तारा जोडल्या की "दुखतंय" असंही म्हणते. हुशार आहे, मी नाव ठेवणार नाही. पण गंमत बघा, ती स्वतःच बोलते म्हणून तिच्याशी कुणीच बोलत नाही. मला एका चादरीत गुंडाळून जिन्याखालच्या कपाटात उभं केलं. माझ्यासारखीला उभं! पायांतली वाळू खाली बसली, घोटे सुजल्यासारखे झाले. बाहेरून पावलं जात. एकही पाऊल थांबत नसे. मला एकटं वाटे, फार एकटं वाटे. रबराला काय वाटणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

एके सकाळी दार उघडलं. चादर बाजूला झाली आणि समोर मुंगी. केस पिकलेले, अंगावर मुख्य परिचारिकेचा पोशाख, पण चण तेवढीच. "आत्याबाई," ती म्हणाली, "बाहेर काढते हं. तुमच्याकडे काम आहे."

तिने मला शाळेला लागून असलेल्या इस्पितळाच्या वॉर्डात नेऊन एका खाटेवर निजवलं. शेजारच्या खाटेवर मोठ्या बाई होत्या. अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. त्यांच्या उशाशी त्यांचा मुलगा हात बांधून उभा होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा.

मुंगी त्याला म्हणाली, "दादा, बाईंना घरी न्यायचं तर त्यांना दिवसरात्र दर दोन तासांनी वळवायला हवं. नाहीतर पाठीला जखमा होतील. तुम्हाला जमलं तर उद्या घरी सोडतील. नाही जमलं, तर शुश्रूषागृहात पाठवावं लागेल."

बाईंनी डाव्या हाताने मुलाच्या सदऱ्याचं टोक पकडलं. त्यांना कुठे जायचं होतं, हे सांगायला वाचेची गरज नव्हती.

"मला भीती वाटते हो," मुलगा म्हणाला. "घड्याळ बिघडलं तर पुन्हा उघडता येतं. ही आई आहे."

"म्हणून तर आत्याबाईंना आणलंय. यांना पाडलंत तरी चालेल. मी पाडलंय."

त्याने माझा खांदा धरला आणि मला वळवू लागला. टक. शेजारच्या कठड्यावर अंगठी वाजली. तो दचकला. मुंगी हसली, पण तिचे डोळे भरून आले. "आधी सांगायचं," ती म्हणाली.

"या बाहुलीला?"

टक.

"आत्याबाई," तो लाजत पुटपुटला, "वळवतो." माझा खालचा हात अंगाखाली दबला. टक. त्याने मला उताणं केलं, हात आधी बाजूला घेतला, गुडघा दुमडला. उशी पाठीशी लावायची विसरला. टक. तो घामाघूम झाला. दुपारपर्यंत त्याने मला इतक्यांदा उलटंसुलटं केलं, की माझा खांदा सारखा करकरत होता. किती वर्षांनी! त्याचे हात सुरुवातीला गार होते. हळूहळू ते ऊबदार झाले.

संध्याकाळी तो आईच्या खाटेकडे गेला. "आई, डाव्या कुशीवर घेतो हं. आधी हात बाजूला करतो. आता गुडघा. घाबरू नकोस, मी धरलंय." बाई वळल्या. पाठीशी उशी बसली. कठडा वाजला नाही.

डाव्या कुशीला माझी खाट होती. आता बाई आणि मी समोरासमोर होतो. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाल्या, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना घरी सोडलं. त्या निघायच्या आधी वॉर्डातले मामा मला परत न्यायला आले. त्यांनी सरळ माझे पाय धरून ओढले.

टक.

मामा इकडे तिकडे पाहू लागले. मुलगा म्हणाला, "मामा, आधी त्यांना सांगा. आत्याबाई म्हणतात त्यांना."

"हिला? अहो, रबर आहे!"

टक. टक.

मामांनी बाईंकडे पाहिलं आणि निमूटपणे मान खाली घातली. "बरं बाई. आत्याबाई, उचलतो हं. कपाटात नेतो."

मित्रांनो, मी पुन्हा जिन्याखाली आहे. इथे अंधार आहे आणि बोलायला कुणी नाही. माझं मागणं मोठं नाही. ज्याला स्वतः हलता येत नाही, त्याला हात लावण्याआधी सांगत जा. तो ऐकतो की नाही, ते बघत बसू नका. आणि कधी या जिन्यावरून गेलात, तर जाता जाता म्हणा, "आत्याबाई, जाते हं."