शेवटच्या गाण्यातली घंटी

कवळ्या बनवण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली म्हणून लोक त्याला कवळीकर म्हणत, आणि आता तोही त्याच नावाला ओ देई. दिवसभर किंचाळणाऱ्या चाकावर दुसऱ्यांचे दात घासायचे आणि संध्याकाळी मागच्या खोलीत जाऊन जुन्या सिंथेसायझरसमोर बसायचं, हा त्याचा नेम. त्याच्या कॉलेजच्या दिवसांत सिंथ-पॉपची गाणी गाजत होती. तसल्याच चकचकीत, ठेक्यावर पळणाऱ्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम त्याने केला होता. चाली त्याच्या, गळा त्याचा, रेकॉर्डिंगही त्याचंच. सगळा एकखांबी तंबू! कुणी मदतीचं नाव काढलं की म्हणायचा, "यात दुसऱ्याचं बोटसुद्धा नको."

अल्बम इंटरनेटवर टाकायच्या आधी, एका रविवारी दुपारी त्याने बायकोला आणि मेव्हण्याला ऐकायला बसवलं. मेव्हणा म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्याच गाण्याला तो कळवळून म्हणाला, "भाऊजी, बंद करा हो! कानात सुया टोचतायत."

"त्या काळच्या आवाजाला धार होतीच. तुला काय कळतंय त्यातलं?"

"धार कसली, करवत आहे ही! ताई, तू तरी सांग."

 बायकोने मान वळवली आणि तिच्या कानातला कापसाचा बोळा कवळीकराला दिसला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस ही बाई "छान झालंय" म्हणत होती ती कापूस घालून! त्याने गाणं खाडकन बंद केलं. मेव्हण्याने रागरंग ओळखून काढता पाय घेतला.

खोलीत शांतता झाली. निदान त्याला तरी तसं वाटलं. बायकोने कापूस काढला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या कपडे धुवायच्या मशीनकडे बोट केलं. "अहो, ते वाजतंय."

"काय वाजतंय? त्याचा भोंगा कधीचा बिघडलाय. तूच म्हणालीस."

"खोटं बोलले मी."

तो मशीनपाशी गेला. लाल दिवा उघडझाप करत होता. त्याने पत्र्याला कान टेकवला. काही नाही. तिने येऊन बटण दाबलं, दिवा विझला, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. चाकाने दातांबरोबर त्याचे कानही घासले होते. बारीक, उंच आवाज ऐकू येईनात म्हणून तो गाण्यागणिक ते चढवत गेला होता, आणि ऐकू आले की खूश होत होता.

"मग बोलली का नाहीस? पार गाढव बनवलंस मला."

"तुमच्या आई गेल्यापासून तुम्ही घरात साधी शीळ घातली नव्हती," ती म्हणाली. "या खोलीत बसायला लागलात आणि परत गुणगुणायला लागलात. मी बोलले असते तर हे सगळं माळ्यावर गेलं असतं. मला भीती वाटली."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. पण रागापेक्षा आता त्याला भीती वाटत होती. अल्बम असाच सोडला तर लोक मेव्हण्यासारखेच पळतील. नाही सोडला तर इतकी मेहनत मातीत. आणि नीट करायचा म्हटलं तर कान कुठून आणायचे? तो परत सिंथेसायझरसमोर जाऊन बसला. मग त्याने दुसरी खुर्ची ओढून आपल्याशेजारी ठेवली.

"शेवटच्या गाण्यातली घंटी फार टोचते का गं?"

"सगळ्यात जास्त."

"ती तुझ्यासाठी केली होती."

ती येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. त्याने गाणं लावलं आणि बटणावर बोटं ठेवली. "मी कमी करत जातो. बरोबर झालं की थांब म्हण."

त्याने बटण फिरवायला सुरुवात केली. घंटी बारीक झाली, मग आणखी बारीक. त्याने तिच्याकडे बघितलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.

त्याने जरासं फिरवलं आणि घंटी गेली. आता फक्त ठेक्याचे ठोके आणि त्याचा स्वतःचा आवाज उरला होता.

"बस, थांबा! बघा आता कशी गोड वाजतेय."

"हो," तो म्हणाला. ती डोळे मिटून मान डोलवत होती. तिची मान थांबेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला, आणि ती थांबल्यावर घंटी संपली असं त्याने धरलं.