मधला तुकडा

मी कात्री बोलतेय. कापडाची कात्री. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली या घरात त्याचा विसर पडत चाललाय आणि माझ्या जिवाला घोर लागलाय.

लोहाराने माझी दोन पाती घडवली आणि मधे खिळा ठोकून त्यांना जन्माचं एकत्र बांधलं. माझी आताची मालकीण अक्का. तिच्या आईने मला विकत आणलं त्याच दिवशी तिने सगळ्या घराला ताकीद दिली, "हिला कागद लावायचा नाही. कागदाने धार जाते." शिवणकाम करणाऱ्या घरात हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. वहीला कव्हर घालायला म्हणून लहानग्या अक्काने मला उचललं, तेव्हा तिच्या पाठीत धपाटा बसला होता.

आई गेली आणि मी काही वर्षं तेलकट फडक्यात गुंडाळलेली, ट्रंकेच्या तळाशी पडून राहिले. केव्हा गंज चढेल या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. मग अक्काने शिलाई मशीन पुन्हा खिडकीशी मांडलं आणि मला बाहेर काढलं.

अक्काची एक सवय मला आवडते. कापलेले तुकडे ती लगेच शिवायला घेत नाही. पुढचा भाग, पाठ, बाह्या असं सगळं जमिनीवर मांडते आणि कमरेवर हात ठेवून बघत राहते. कशाला काय जोडायचं ते डोळ्यांना पटलं की मगच सुईत दोरा ओवते. तोवर गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी तिला त्याचं काही नसतं.

गेल्या रविवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळे दादू म्हणतात. दादू लिफ्टची दुरुस्ती करतो. एरवी आल्या आल्या अक्काची थट्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी तोंड पार उतरलेलं होतं. एका ऑफिसच्या इमारतीत त्याचं काम चालू असताना लिफ्ट अचानक हलली होती आणि सफाई करणाऱ्या मावशींचा पाय अडकून मोडला होता. कंपनीने चौकशी बसवली होती. दुसऱ्या दिवशी त्याला आपलं म्हणणं साहेबांपुढे वाचून दाखवायचं होतं. नोकरी राहते की जाते, ते त्यावर ठरणार होतं. घरी दोन लहान मुली.

त्याने लिहून आणलेले कागद अक्काने वाचले आणि कपाळाला हात लावला.

"अरे, सुरुवातच 'माझी चूक नाही'? कसली चूक, कुठे, काही पत्ताच नाही. मग मावशींचा पाय, मग तुझी इतक्या वर्षांची नोकरी, आणि मग कुठे सकाळी लिफ्ट बंद केलीस. वाचणाऱ्याने उड्या तरी किती मारायच्या?"

"जसं आठवलं तसं लिहिलं गं."

"आठवेल तसं सांगितलं की खरंसुद्धा खोटं वाटतं, दादू."

आणि तिने मला उचललं. मला वाटलं, बाजूला ठेवतेय. पण तिने सरळ कागद माझ्या तोंडात धरला. माझ्या अंगावर काटा आला. ज्या अक्काने माझ्यापायी मार खाल्ला होता, तिने आज क्षणभरसुद्धा विचार केला नाही. करकर आवाज करत मी एकेक परिच्छेद सुटा केला. धार जातेय हे मला कळत होतं, पण दादूचा चेहरा बघून तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

सगळे तुकडे जमिनीवर मांडले गेले. अक्का गुडघ्यांवर बसून ते पुढे-मागे सरकवू लागली. 'माझी चूक नाही' तिने उचलून खिडकीत ठेवलं. नोकरीची वर्षं शेवटाला नेली. लिफ्ट बंद केली, मग 'काम चालू'ची पाटी लावली. एका तुकड्याचा शेवट पुढच्याच्या हाती जातोय का, हे बघायला ती मोठ्याने वाचायची. जीभ अडली की तुकडे बदलायची, नाहीतर मधे पेन्सिलीने एखादं वाक्य घालायची. हळूहळू माझाही जीव भांड्यात पडू लागला.

एका जागी मात्र ती अडली. पुन्हा वाचलं, पुन्हा अडली.

"इथे तू लिफ्टपाशी उभा राहून पाटी लावतोयस. पुढच्या तुकड्यात ओरडणं ऐकून जिना धावत चढतोयस. खाली कधी गेलास?"

दादूने तो तुकडा उचलून उलटापालटा केला.

मला भलतीच धास्ती. मधला तुकडा मीच तर कुठे पाडला नाही ना? पण जमिनीवर एक कपटाही उरला नव्हता.

"चहा प्यायला गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "पाचच मिनिटं. लिफ्ट बंद केली की तिची किल्ली काढून खिशात ठेवायची असते. ती तिथेच राहिली, पॅनेलला. कुणीतरी फिरवली आणि लिफ्ट सुरू झाली. हे लिहिलं तर मी संपलो, अक्का."

अक्काने एक कोरा कागद घेतला, मला चालवून त्याची पट्टी कापली आणि त्या दोन तुकड्यांच्या मधे ठेवली. मग चहा टाकायला म्हणून ती उठली आणि तशीच अर्ध्या वाटेत थांबली. दादूने पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. मी उघडीच पडले होते. लिही, असं मला वाटत होतं आणि नको लिहू, असंही वाटत होतं. त्या दोन मुलींचे कपडे मीच कापते ना.

त्याने लिहिलं.

सोमवारी संध्याकाळी तो आला तो चप्पल न काढताच स्टुलावर बसला.

"मधे कुणी अडवलं नाही," तो म्हणाला. "शेवटपर्यंत ऐकलं. मग मोठे साहेब म्हणाले, चहाचं लिहिलं नसतंत तर आम्हाला कळलंही नसतं. वाटलं तर तेवढं काढून घ्या, पुन्हा द्या."

"मग?" अक्काने विचारलं.

"मी म्हटलं, ते काढलं तर मी जिन्यात आलो कुठून, साहेब?"

अक्काने तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसत होती, ते मला खालून दिसलं नाही.

निकाल अजून आलेला नाही. माझी धार गेलीय, कापड आता कापलं जात नाही, चावलं जातं. धारवाला येईल तेव्हा येईल. पण दारावर टकटक झाली की अक्काचा हात थांबतो आणि तिच्या बोटांत मीही तशीच उघडी राहते. तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर ते कागद येणार असतील, तर एवढंच मागते. मधलंच पान उघडू नका. पहिल्यापासून वाचा.