जास्त आवळलेले आठ स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना पेचकस आहे आणि आधीच कबूल करतो, मला दुसऱ्याचे कौतुक ऐकवत नाही.

माझे पाते एका लोहाराने भट्टीत तापवून ठोकले आणि एका सुताराने त्याला शिसवी मूठ बसवली. पुढे होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी मला घेतले. तीस वर्षे मी त्यांच्या खिशात राहिलो. शिडाच्या होड्यांच्या खिडक्या, छतावरच्या झडपा, बिजागऱ्या, सारे आम्ही दोघांनी आवळले. "मिस्त्रींनी आवळलेला स्क्रू वादळालाही दाद देत नाही," असे धक्क्यावरची माणसे म्हणत. ते ऐकून माझ्या लोखंडी अंगावरही मूठभर मांस चढे.

मग मिस्त्रींची थोरली लेक कामात आली आणि येताना काळ्या गोंदाची एक नळी घेऊन आली. नळी कसली, पिस्तुलासारख्या यंत्रात बसून मिरवणारी बयाच ती! मला ती पाहताक्षणीच आवडली नाही.

मिस्त्रींच्या स्वतःच्या जुन्या होडीची एक खिडकी गळत होती. तीच होडी घेऊन लेक चार दिवसांच्या सफरीवर एकटी निघणार होती. तिने दोन दिवस बसून चौकटीवरचा जुना थर खरवडला, स्पिरिटने पुसून काढला, कोपऱ्यांत रबराचे बारीक तुकडे ठेवले आणि गोंदाची सलग रेघ ओढून चौकट बसवली. आठ स्क्रू तिने नुसते बोटांनी फिरवले. मला कोणी विचारलेही नाही.

"बाबा, स्क्रू फक्त टेकवलेत हं. आठवडाभर आवळू नका. मध्ये गोंदाचा जाड थर राहायला हवा, तोच पाणी अडवतो."

"कळलं गं बाई," मिस्त्री म्हणाले.

इतक्यात शेजारचा शिडे शिवणारा डोकावला. "काय हात आहे पोरीचा! मिस्त्री, आता तुमची सुट्टी."

मिस्त्री हसले, पण खिशात त्यांची बोटे माझ्या मुठीभोवती घट्ट झाली. आम्हा दोघांच्याही पोटात एकदमच दुखू लागले.

लेक जेवायला गेली, तसे त्यांनी मला बाहेर काढले. "जरासं आवळलं तर काय बिघडतंय," असे पुटपुटत त्यांनी आठही स्क्रू पार शेवटापर्यंत पिळले. चारी बाजूंनी काळा गोंद बाहेर आला, तो त्यांनी फडक्याने टिपून घेतला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! जिरली त्या नळीची, असे मी मनात म्हणालो.

आठवड्याने परीक्षा झाली. मिस्त्री बाहेरून पाइपने पाणी मारत होते आणि लेक आत बसून पाहत होती. थोड्या वेळाने ती बाहेर आली. तिची बाही भिजली होती.

"गळतंय बाबा. माझंच काहीतरी चुकलं. जिला एक खिडकी धड बसवता येत नाही, तिने समुद्रावर एकटीने जाऊ नये. मी नाही जात."

पाइपमधले पाणी मिस्त्रींच्या पायांवर वाहत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसा, असे मी त्यांना सांगत होतो. पण ते बोलले.

"तू नाही चुकलीस. मी स्क्रू आवळले. सगळा गोंद बाहेर आला. लोक तुझं नाव घेत होते, ते मला सोसलं नाही."

लेकीने पाण्याचा नळ बंद केला. मग तिने हात पुढे केला. "पेचकस द्या."

आता ही मला पाण्यात फेकणार, असे वाटले. तिने माझ्याकडून आठही स्क्रू सोडवून घेतले आणि दोघे दिवसभर चौकट खरवडत बसले. संध्याकाळी तिने गोंदाचे यंत्र वडिलांच्या हातात दिले. "आता तुम्ही भरा. मी सांगते तसं." मिस्त्रींनी ओढलेली रेघ सलग आली. मला मात्र तिने कपाटात ठेवून कुलूप लावले.

पुढच्या आठवड्यात खिडकीतून थेंबही आला नाही. लेक सफरीवर गेली. मी कपाटात बसून अजूनही त्या नळीवर जळतो, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, जुन्या हत्यारांना तेल लावा, त्यांना कोरड्या जागी ठेवा. पण कोणाच्या कामावर जळत असाल, तर त्या घडीला मला हातात घेऊ नका. मला नाही म्हणता येत नाही.