तळाची पांढरी थाळी

पंपघरातली बाई रोज पंप लावण्याआधी विहिरीत वाकून बघायची. तळाशी तिच्या सासऱ्यांनी सोडलेली पांढरी थाळी होती. ती दिसली की पाणी शहराला पाजण्याजोगं. शेजारच्या दलदलीत लव्हाळी वारा प्यायची, मुळं गाळ प्यायची, आणि विहिरीत निवळ पाणी झिरपायचं. आता ती दलदल मातीने बुजवून तिथे इमारती होणार होत्या. भरावाचा टिपर चालवत होता तिचाच धाकटा दीर.

आज थाळी दिसली नाही. पंप न लावता ती पायरीवर बसून राहिली.

"वहिनी, नळ कोरडे ठेवून गावभराच्या शिव्या खायच्यात का?" भरलेला टिपर थांबवून दिराने विचारलं.

"तूच बघ. तुझे डोळे अजून धड आहेत."

तो वाकला. बराच वेळ तसाच राहिला.

"नाही दिसत," तो म्हणाला. "पण मी माती नाही टाकली, तर उद्या दुसरा कोणी टाकेल."

"उद्याचं उद्या बघू रे. मीही दमलेय. आज तर बस."

त्याने बाटलीतलं कालचं पाणी अर्धं तिला दिलं आणि शेजारी टेकला. टिपर भरलेलाच उभा राहिला.