मुन्नीबाईची साखर

महिनाभर मुन्नीबाईंनी गोडाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चहासुद्धा बिनसाखरेचा, तोंड वाकडं करत का होईना, प्यायल्या होत्या. कारण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्याचीही तीच गत होऊ घातली होती, आणि डोळ्याच्या ऑपरेशनच्या मागच्या शिबिरातून त्यांना रक्तात साखर जास्त म्हणून परत पाठवलं होतं. या खेपेला नर्सबाईंनी फोनवरच बजावलं होतं, की सकाळी उपाशीपोटी घरीच तपासा; दोनशेच्या वर निघाली तर गाडीत बसूच नका. पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर.

शिबिराची गाडी नऊला सालेकशाहून सुटणार होती. साडेसातला मुन्नीबाई बाहेरून आल्या, पदराला हात पुसले आणि छपरीत बसून सुनेपुढे बोट धरलं. रिंकीने टच्चकन सुई टोचली, थेंब मशीनच्या पट्टीला लावला. आकडा वाचायचं काम नवऱ्याने, शिवलालांनी, आपणहून घेतलं होतं. चष्मा फक्त त्यांनाच लागला होता, म्हणून घरातलं सगळं वाचन त्यांच्याकडेच असे.

"तीनशे सत्तेचाळीस," ते म्हणाले. "काल यादोरावच्या घरच्या बारशात किती जिलेब्या हाणल्या, सांग बरं."

"एकबी नाही."

"मंग मशीन खोटं बोलून राहिली का?"

"ते मशीनले विचारा."

"आई, खाल्ली असन तं सांगा ना," रिंकी हळूच म्हणाली. "मी काही म्हणत नाही."

नवऱ्याच्या बोलण्याची मुन्नीबाईंना सवय होती, ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडता येत असे. सुनेची ही समजूतदार माफी मात्र जिव्हारी लागली. त्या बारशात जिलेबीच्या ताटाशेजारी बसून त्यांनी नुसते मुरमुरे चघळले होते, आणि आता चोरी न करता चोर ठरल्या होत्या. शिवाय डोळ्याचं ऑपरेशन हुकलं ते हुकलंच. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं.

शिवलालांनी नर्सबाईंना कळवायला फोन काढला. मुन्नीबाईंच्या बोटातून अजून रक्त येत होतं, म्हणून चारचौघांसारखं त्यांनी ते तोंडात घातलं आणि थबकल्या.

"गोड लागून राहिलं."

"लागनच," शिवलाल म्हणाले. "तीनशे सत्तेचाळीस आहे."

मुन्नीबाईंनी शेजारचं बोट चाटलं. मग अंगठा. मग दुसऱ्या हाताची करंगळी, जिला कोणी सुई लावली नव्हती. सगळीकडे तेच.

"फोन ठेवा जी," त्या म्हणाल्या. "पहाटपासून मोहफुलं वेचून राहिली मी. दिसत नाही तं चाचपून चाचपून वेचतो. हा रस मोहाचा आहे, माया रक्ताचा नाही."

रिंकी झटकन उठली. गरम पाणी आणलं, साबणाने सासूचे दोन्ही हात नखांपर्यंत धुतले, कोरडे केले, नवी सुई घेतली. या वेळी आकडा तिने स्वतःच वाचला. एकशे अठ्ठावीस.

रिंकीने सासूचा हात थोडा जास्तच वेळ धरून ठेवला. शिवलालांनी फोनवर "येऊन राहिलो जी" एवढंच सांगितलं आणि मोटारसायकलची किल्ली घेतली, पण पायरीशीच घुटमळले.

"मले काय माहीत," ते म्हणाले. "मशीननं सांगितलं म्हणून मी बोललो."

"तेच तं. मी चाळीस वर्षांपासून घरात आहो. मशीन दिवाळीले आली."

शिवलाल किल्ली चाळवत उभे राहिले. मुन्नीबाईंनी पिशवी काखोटीला मारली, भिंत चाचपत पायरी उतरल्या आणि त्यांच्या तोंडाकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या.

"आता तुम्ही लाजले का हासून राहिले, मले समजत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं धुक्यावानी आहे. डोळ्याची पट्टी निघू द्या, मंग पाहीन."