रस्त्यापलीकडून घेतलेली गिटार

श्रावणला सत्काराची धास्ती बसली होती.

लोहाऱ्याच्या भीमगीत पार्टीत तो चाळीस वर्षं ढोलक वाजवत आला. गायला त्याची बायको सत्यशीला. पार्टीतली पोरं बदलली, पेटी जाऊन कीबोर्ड आला, पण सतरंजीवरची उजवीकडची जागा श्रावणचीच राहिली. मग मागच्या उन्हाळ्यात दारव्हा रोडवर मोटारसायकल घसरली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरने खांदा बसवला, पण बजावून सांगितलं, या हाताने आता थाप मारायची नाही. बोटं चालतील, थाप नाही.

पार्टी आता संघदीप चालवत होता. मुलगा गुणी, कीबोर्डवर हात चांगला. त्याने ढोलकीच्या जागी इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणारा आणला आणि एका संध्याकाळी श्रावणच्या घरी येऊन बसला.

"काका, धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार ठेवला. शाल घेऊन ठेवली मी. तुम्ही फक्त समोर खुर्चीवर बसायचं."

"समोर काहून? मी काय पुढारी हाय?"

"मान हाय काका तुमचा."

"मंग मान सतरंजीवर दे ना."

संघदीप नुसता हसला. श्रावणला मात्र हसू आलं नाही. एकदा शाल अंगावर पडली की माणूस खुर्चीतून उठून परत सतरंजीवर येत नाही, हे त्याने पाहिलं होतं. पार्टीतल्या तिघांना तशा शाली घालताना त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या होत्या.

संघदीपला एक गोष्ट ठाऊक नव्हती. शेजारचा बंटी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. खांदा बसल्यापासून श्रावण रोज दुपारी त्याच्या ओसरीवर जाऊन ती चार तारांची गिटार मांडीवर घ्यायचा. चाळीस वर्षं ढोलकीची जाड बाजू दाबलेला डावा हात, त्याला जाड तारांचं काय कौतुक! ठेका तर अंगातच होता. फक्त उजव्या हाताची बोटं फार हळू वाजत. पुढे बंटीला पुण्यात काम मिळालं आणि तो गिटार घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काका, घेसान तं अॅक्टिव घेजा. तिच्यात सेलवर चालणारं सर्किट राह्यते. हळू वाजवलं तरी आवाज भरून येते."

"मी बेस वाजवतो," श्रावण आता संघदीपला म्हणाला.

संघदीपने सत्यशीलेकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे थट्टा नव्हती.

"बरं काका. रविवारी सकाळी विहारासमोर वाजवून दाखवा. मी मागं पाण्याच्या टाकीपाशी उभा राहतो. तिथपर्यंत आवाज आला तं जागा तुमची. नाही आला तं शाल."

शनिवारी दुपारी दोघं नवराबायको यवतमाळला पूनमसिंगच्या दुकानात गेले. श्रावणच्या साऱ्या ढोलक्या तिथूनच आल्या होत्या.

"जय भीम, श्रावणभाऊ! नातवाले पाहून राह्यले का?"

"जय सेवालाल. मलेच पाह्यजे."

पूनमसिंगने चष्मा कपाळावर चढवला. "या वयात?"

"कायले? वय पाहून तार तुटते का?"

दुकानात दोनच बेस होत्या आणि दोन्ही परवडणाऱ्या. एक साधी. दुसरी अॅक्टिव, थोडी महाग, काळी, भिंतीवर टांगलेली, तिची वायर खालच्या स्पीकरच्या बॉक्सला लावलेली. श्रावणने दोन्हींना हातही लावला नाही. ढोलक घेतानाची त्याची जुनी रीत होती. वाजवणाऱ्याला आपला आवाज मोठाच वाटतो, म्हणून वाजवायला दुसऱ्याला लावायचं आणि आपण लांब जाऊन ऐकायचं.

"सत्यशीला वाजवन," तो म्हणाला. "मी रस्त्यापलीकडून आयकतो."

"मी? अहो, मी गळ्यानं गाते. बोटानं नाही."

"म्हणूनच तं. तू हळूच वाजवशीन. माहा हात आता तसाच चालते."

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. श्रावणने तिच्या पत्र्यावर तळवा टेकवला.

"चहा देऊ?" टपरीवाल्याने विचारलं.

"देजो. पण आधी आयकू दे."

त्याने हात वर केला. सत्यशीलेने साधी गिटार वाजवली. आवाज आला तो सादळलेल्या ढोलकीसारखा. तेवढ्यात एक ट्रक गेला आणि त्यात तोही विरला. श्रावणने पुन्हा हात वर केला. आता काळी. पहिल्या दोन ठोक्यांना तळव्याखालचा पत्रा जरा जागा झाला. तिसऱ्याला आवाज खरखरला, फाटला आणि घसा बसल्यासारखा खाली गेला.

दुकानाच्या पायरीवरून पूनमसिंग ओरडला, "पीस खराब हाय श्रावणभाऊ! दुसरा आठ दिवसानं येईन! साधी घेऊन जा!"

आठ दिवस कुठले? उद्याच रविवार होता. साधी घेतली तर टाकी लांबच राहिली, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू आली नसती. श्रावण रस्त्याच्या मधोमध थांबला. एका स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, तरी तो हलला नाही. ती खरखर त्याच्या ओळखीची होती. कार्यक्रमात पाहुणे रंगात आले की बिनवायरचा माईक अगदी अशीच खरखर करायचा आणि गप्प व्हायचा. दोनदा फजिती झाल्यावर श्रावण सदऱ्याच्या खिशात एक चौकोनी सेल बाळगू लागला. धुणं काढताना तो सेल हाती लागला की सत्यशीला म्हणायची, लोकाईचे नवरे खिशात पैसे ठेवते, माहा नवरा करंट ठेवते.

तो दुकानात परतला.

"पूनमसिंग, हिची वायर कवापासून लावून हाय?"

"गणपतीपासून. गिऱ्हाईक आलं की लगेच वाजवून दाखवाले बरं पडते."

"मंग पीस खराब नाही बाप्पा. सेल मेला तिचा. वायर आत हाय तोवर सेल जळतच राह्यते. बंटी सांगत जाये मले."

"गिटारीले सेल?" पूनमसिंग खराखुरा चकित झाला. "म्या तं आजवर पेट्या न् ढोलक्या विकल्या."

"पेचकस आण."

पेचकसाने स्क्रू फिरवून गिटारीच्या पाठीवरचं छोटं झाकण उघडलं. आत चौकोनी सेल होता. श्रावणने खिशात हात घातला आणि स्वतःचा सेल काढून पुढे ठेवला. सत्यशीलेने पदर तोंडाला लावला, पण हसू लपलं नाही.

"पाह्यलं?" श्रावण म्हणाला.

"पाह्यलं. जा आता तिकडे. चहा थंडा होऊन राह्यला."

चहावर साय धरली होती. श्रावणने तळवा पुन्हा पत्र्यावर ठेवला आणि हात वर केला. या वेळी आवाज कानाआधी तळव्यात आला. पत्रा थरथरला, त्यावरचे रिकामे ग्लास किणकिणले. पुन्हा एक ट्रक गेला, पण ट्रकच्या खालून आवाज येतच राहिला. टपरीवाल्याने ग्लास धरून ठेवले. "का हाय हो थे?"

"माही गिटार हाय," श्रावण म्हणाला, आणि साईसकट चहा पिऊन टाकला.

तिकडे सत्यशीलेला आता चेव आला होता. ती एकेक बटण फिरवून पाहत होती. बटणांवर इंग्रजीत काय लिहिलंय ते नवराबायको दोघांनाही वाचता येत नव्हतं. एका जागी आवाज गोल आणि भरीव झाला, तेव्हा तिने कपाळावरची टिकली काढून बटणाच्या त्या खुणेशी चिकटवली.

"इथून हलवायचं नाही," श्रावण परत आल्यावर तिने त्याला बजावलं.

रविवारी सकाळी विहारासमोर सतरंजी अंथरली होती. श्रावणने गिटारीची वायर पार्टीच्या बॉक्सला लावली आणि तो मांडी घालून आपल्या जुन्या जागी बसला. संघदीप दूर टाकीपाशी जाऊन उभा राहिला, इतका दूर की त्याचा चेहरा दिसत नव्हता. पॅडवाल्याने ठेका धरला, सत्यशीलेने गाणं उचललं आणि श्रावणची बोटं तारांवर चालू लागली. खांदा जागचा हलला नाही.

पहिलं कडवं संपलं. संघदीप टाकीपाशी नव्हता, मैदानातून सतरंजीकडे येत होता. आवाज पोचला नाही म्हणून हा पुढे येऊन राह्यला, असंच श्रावणला वाटलं. पण बोटं त्याने थांबवली नाहीत.

संघदीप जवळ आला, खाली वाकला.

"काका, जराक कमी करा."

"कमी?"

"टाकीचं झाकण वाजून राह्यलं."

सत्यशीला गाता गाता हसली आणि एक सूर चुकली. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा सूर चुकत होती, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

गाणं संपल्यावर संघदीप डोकं खाजवत उभा राहिला. "त्या शालीचं काय करू काकू? दुकानदार वापस घेत नाही."

"आण इकडे," सत्यशीला म्हणाली. "या गिटारीवर धूळ बसते, झाकाले काही तरी पाह्यजेच होतं."

संघदीपने थैलीतून शाल काढली. चांगली जाड, निळ्या काठाची होती. सत्यशीला ती गिटारीवर पांघरणार, तेवढ्यात श्रावणने हात आडवा केला.

"थांब वो जरा."

त्याने आधी वायर उपसून काढली, मगच शाल घालू दिली.